स्वस्त आयात टर्बो घ्यावा का? नाशिकच्या एका ऑटोक्रॉस गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी मारुती एस्टीम. १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन, कंपनीच्या आकड्याप्रमाणे ६००० आरपीएमला ८५ अश्वशक्ती. तिला टर्बो लावायचा होता: एक्झॉस्टने फिरणारं टर्बाइनचं चाक आणि त्याच शाफ्टवरचं, इंजिनात जादा हवा कोंबणारं कॉम्प्रेसरचं चाक. मालक तिशीतला, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथ आणि व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) जॉबवर्क करणारा. गाडी घेतली ती ऑटोक्रॉससाठी, म्हणजे मुरमाड मैदानावरचा आखूड, वळणांचा ट्रॅक आणि घड्याळाशी शर्यत. नाशिकला रॅलीचं वेड जुनं आहे, त्यामुळे मदतीला माणसं भरपूर होती: द्वारका भागातला एक मुरलेला मिस्त्री, महामार्गावर ट्रकचे टर्बो दुरुस्त करणारा एक कारागीर आणि ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं, ट्युनिंग करणारा पुण्याचा एक जण.

गाडी रस्त्यावर चालवायची नाही हे सुरुवातीलाच ठरलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून गाडी मैदानावर जायची ती ट्रेलरवरून.

इंजिन ठणठणीत होतं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन १७० ते १७५ पीएसआय. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड मूळचेच ठेवायचे, म्हणून बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाब, ०.४ बारवर थांबवायचा आणि इंजिनला साधारण १०५ अश्वशक्ती मिळवायची असं ठरलं. मूळचे भाग न बदलता हा बेत शहाणपणाचाच होता.

अडचण

एकूण बजेट दीड लाख. वेगळा ईसीयू, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर, २७० सीसीचे इंजेक्टर, दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर, मॅनिफोल्डचं (एक्झॉस्ट टर्बोपर्यंत नेणारे पाइप) वेल्डिंग आणि ताकद मोजणाऱ्या डायनोचा एक दिवस यांत १,१७,००० रुपये बांधले गेले. टर्बोसाठी उरले ३३,०००. नामांकित कंपनीच्या नव्या छोट्या टर्बोचा भाव तेव्हा ८० हजारांच्या पुढे होता. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा आणि सगळ्यात जास्त ताप सोसणारा भाग उरलेल्या पैशांत बसवायचा, अशी वेळ आली. खरेदीचा क्रमच उलटा लागला होता.

हवेचा हिशोब

टर्बो निवडण्याआधी हा हिशोब झाला आणि तो नीट झाला. या इंजिनाची ६००० आरपीएमला मिनिटाला ३.९ घनमीटर हवा ओढण्याची क्षमता आहे. सिलिंडर ८८ टक्के भरतो असं धरलं तर ३.४. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंच, हवेचा दाब साधारण ९४५ मिलिबार. फिल्टरमधली घट धरून ०.४ बार बूस्टसाठी प्रेशर रेशो (कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या हवेचा दाब भागिले आत येणाऱ्या हवेचा) मुंबईत १.४२ पुरतो, इथे १.४५ लागतो. इंटरकूलरनंतर हवा ६० अंशांवर मिळाली तर मिनिटाला ४.८ किलो, म्हणजे १०.६ पाउंड हवा इंजिनात जाते. मिनिटाला एक पाउंड हवेमागे दहा अश्वशक्ती हा ढोबळ आडाखा लावला की १०५ चा आकडा जुळतो.

आता टर्बो असा हवा की मिनिटाला दहा-अकरा पाउंड हवा हे त्याच्या कार्यक्षम पट्ट्याच्या मध्यावर पडेल.

समोरचे पर्याय

पहिला, ऑनलाइन सगळ्यात स्वस्त मिळणारा टी३/टी४ प्रकारचा टर्बो. तो मिनिटाला चाळीस पाउंडांच्या घरात हवा देतो, इथल्या गरजेच्या चौपट. एवढं मोठं टर्बाइन १३०० सीसीच्या एक्झॉस्टवर ४५०० आरपीएमच्या आधी जागं होत नाही, आणि ऑटोक्रॉसमध्ये सगळा खेळ दुसऱ्या गिअरात ३००० ते ५५०० च्या दरम्यान. हा पर्याय लगेच बाद झाला. स्वस्त टर्बो घेणाऱ्यांची सर्वाधिक निराशा इथेच होते, टर्बो न फुटताही.

दुसरा, टीडी०४ मापाची आयात नक्कल. माल १३,२००, कुरिअर ३,१००, कस्टम ड्युटी, कर आणि हाताळणी मिळून ५,३००. हातात पडेपर्यंत २१,६०० रुपये.

तिसरा, १.३ लिटर डिझेल गाड्यांमधला जुना केपी३५. नाशिकच्या भंगार बाजारात पाच-सहा हजारांत मिळतो आणि हवेच्या मापातही बऱ्यापैकी बसतो. पण डिझेलचा एक्झॉस्ट ७५० ते ८०० अंशांच्या आसपास राहतो, बूस्टवर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाचा ९०० ते ९५० पर्यंत जातो. डिझेलसाठी ओतलेलं हाउसिंग तो ताप फार काळ सोसत नाही. मिस्त्रीने यावर ठाम नकार दिला आणि तो बरोबर होता.

चौथा, ऑक्टाव्हिया १.८ टर्बो पेट्रोलमधला जुना के०३. मूळ इंजिन १७८१ सीसी, १५० अश्वशक्ती. म्हणजे १३०० सीसीवर हा टर्बो आरामात, मापाच्या मधोमध चालतो. भाव १८,०००, हमी काही नाही, दुरुस्तीचा खर्च वेगळा.

निवड झाली दुसऱ्या पर्यायाची. कारण एकच: के०३ ‘जुना’ होता आणि नक्कल ‘नवी’ होती. खोक्यातून कोरा निघालेला माल म्हणजे तपासलेला माल, हे इथे न बोलता गृहीत धरलं गेलं. त्या नकलेचा कॉम्प्रेसर नकाशा, म्हणजे कोणत्या दाबाला किती हवा किती कार्यक्षमतेने मिळेल याचा आलेख, विकणाऱ्याकडे नव्हता. मूळ कंपनीचा नकाशा समोर ठेवून गणित केलं गेलं. चाकाच्या पात्यांचा आकार थोडा जरी वेगळा असला तरी तो नकाशा लागू पडत नाही.

खोका उघडल्यावर

मालकाकडे डायल गेज, सरफेस प्लेट, ग्राइंडर सगळं घरचं. त्यामुळे बाहेरून करायची तपासणी उत्तम झाली.

टर्बाइनच्या चाकाला चुंबक लावून पाहिलं. चिकटलं नाही, म्हणजे चाक निदान निकेल मिश्रधातूचं असावं. चिकटलं असतं तर साध्या पोलादाचा संशय होता. शाफ्टला चुंबक चिकटतंच, त्यात वावगं काही नाही. शाफ्टचा पुढे-मागे प्ले, म्हणजे ढिलेपणा, ०.०९ मिमी भरला. या प्रकारच्या जर्नल बेअरिंग (शाफ्ट ऑइलच्या थरावर फिरतो असं बेअरिंग) टर्बोत तो साधारण ०.०२५ ते ०.०७५ मिमी असावा लागतो. नव्या मालात हा आकडा मर्यादेबाहेर असणं हीच धोक्याची खूण होती, पण ‘थोडंच जास्त आहे’ म्हणून ती सोडून दिली गेली.

टर्बाइनच्या फ्लँजखाली ०.२० मिमीची फीलर पट्टी सरळ जात होती. ग्राइंडिंग करून ती सपाट केली. वेस्टगेटची, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वगळून बाहेर सोडणारी, झडप बंद असताना आतून टॉर्च लावली तर कडेने उजेड दिसला. व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टने सीट बसवून घेतली. ती झडप उघडणाऱ्या अ‍ॅक्चुएटरवर ०.४ बारची पट्टी चिकटवलेली, पण सायकलचा पंप आणि गेज लावल्यावर तो ०.५२ ला उघडू लागला. रॉडचा ताण कमी करून ०.३८ ला आणला. ऑइलच्या तोंडाचे आटे कागदावर लिहिलेल्यापेक्षा वेगळे निघाले, म्हणून नवा निपल करावा लागला.

कॉम्प्रेसरच्या नटावर बॅलन्सिंगसाठी घासल्याची एक बारीकशी खूण होती. बॅलन्सिंगचा कागद मात्र नाही.

इथे टर्बो कारागिराने सांगितलं, “दादा, कोर उघडू द्या मला. धुऊन, बॅलन्स करून देतो. साडेचार हजार आणि चार दिवस.” (कोर म्हणजे दोन्ही चाकं, शाफ्ट आणि बेअरिंग असलेला टर्बोचा मधला भाग.) इव्हेंट जवळ आली होती. उघडला तर वॉरंटी जाईल अशीही भीती होती, जरी परदेशात परत पाठवण्याचा खर्च टर्बोच्या निम्म्या किमतीहून जास्त पडणार होता. मालकाने नाही म्हटलं. कोर न उघडता बसवला गेला. या प्रकरणातला सगळ्यात महाग निर्णय हाच.

बसवणी

मॅनिफोल्ड ३२ एनबी शेड्यूल ४० च्या बेंडपासून केला, पत्र्याच्या जाडीचा प्रश्नच उरला नाही. ऑइलची फीड प्रेशर स्विचच्या जागी टी लावून घेतली. ऑइल १०डब्ल्यू-४०. स्पार्क प्लग एक पायरी थंड, गॅप ०.७ मिमी. इंधन एक्सपी९५. पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे हवा-इंधनाचं जुनं प्रमाण फसवतं, म्हणून ट्युनरने सगळं लॅम्डावर (प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले त्याच इंधनाचं आदर्श प्रमाण) बांधलं: पूर्ण बूस्टवर ०.८०, आणि टायमिंग मूळच्यापेक्षा सुमारे सहा अंश मागे. ईसीयूत ०.५५ बारला बूस्ट कट, म्हणजे दाब त्यापुढे गेला तर इंजिनाची ताकद तोडणारी मर्यादा, ठेवला. पहिल्यांदा सुरू करण्याआधी टर्बोत हाताने ऑइल भरलं, फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर फिरवला. हे सगळं पुस्तकात दाखवावं इतकं व्यवस्थित.

एक जागा चुकली. टर्बोमधून ऑइल परत येणारा पाइप (ड्रेन) १६ मिमीचा, पण इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरला वेल्ड केलेल्या निपलचं आतलं भोक ११ मिमीचं, आणि तेही ऑइलच्या पातळीला लागून. बेअरिंगमधून बाहेर पडणारं ऑइल फेसाळलेलं असतं आणि त्याला मागून दाब नसतो, ते केवळ उतारावर वाहतं. वाट अरुंद झाली किंवा तोंड ऑइलखाली बुडालं की ते कोरमध्ये तुंबतं आणि सीलमधून बाहेर येतं.

काय बिघडलं

डायनोवर चाकांवरची ताकद ६९ वरून ८९ अश्वशक्तीवर गेली. ०.४ बार ३३०० आरपीएमला मिळत होता. पण ६००० च्या जवळ बूस्ट आपोआप चढत ०.५५ च्या पुढे जाऊ लागला आणि ईसीयूने कट मारला. वेस्टगेटचं भोक केवळ १९ मिमी होतं, एवढ्याशा वाटेने जादा एक्झॉस्ट निघत नव्हता. टर्बो काढून भोक २३ मिमी करायला हवं होतं. ते पुढे ढकललं आणि ५८०० वर रेव्ह मर्यादा लावून गाडी मैदानावर नेली.

पहिली इव्हेंट छान गेली. दुसऱ्या इव्हेंटच्या शेवटी आयडलवर निळा धूर दिसू लागला. टर्बोच्या शिट्टीचा आवाज सायरनसारखा वर-खाली होऊ लागला. बूस्ट ०.२८ वर आला. मिस्त्रीने तिथेच इंजिन बंद करायला लावलं आणि पुढची फेरी सोडायला लावली. ईसीयूच्या नोंदीप्रमाणे टर्बो एकूण ११ तास चालला होता.

ती फेरी सोडली म्हणून इंजिन वाचलं. कॉम्प्रेसरचं चाक तुटलं तर तुकडे इंटरकूलरपर्यंत आणि नशीब वाईट असेल तर सिलिंडरपर्यंत जातात. त्याआधीच, इनटेकमध्ये शिरणारं ऑइल मिश्रणाचा ऑक्टेन पाडतं आणि बूस्टवर नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी धडाक्याने पेटणं, सुरू होतं. मूळच्या पिस्टनना ते सोसत नाही.

उकलून पाहिल्यावर

सगळ्यांचा पहिला तर्क एकच, ‘चायना माल’. टर्बो कारागिराने कोर टेबलावर उकलला तेव्हा चित्र जास्त बोलकं होतं.

थ्रस्ट बेअरिंगच्या, म्हणजे शाफ्टची पुढे-मागे हालचाल रोखणाऱ्या बेअरिंगच्या, पट्टीवर समांतर चरे होते आणि त्यांत कण रुतलेले. पुढे-मागे प्ले ०.३१ मिमी झाला होता, त्यामुळे कॉम्प्रेसरचं चाक हाउसिंगला घासलं होतं. जर्नल बेअरिंग मात्र शाबूत, शाफ्टवर जळल्याचा निळा रंग कुठेही नाही. ऑइल कमी पडलं असतं तर शाफ्ट निळा पडला असता. म्हणजे फीड ठीक होती, ऑइलसोबत कचरा येत होता. तो इंजिनातून आला की टर्बोतून? फीड टर्बोपर्यंत स्वच्छ होती. कोरच्या आतल्या ऑइलच्या वाटेत, वळणावर, ओतकामाच्या वाळूचा कडक थर सापडला. तो थोडा थोडा सुटून सरळ थ्रस्ट बेअरिंगवर जात होता. शिवाय पट्टी २७० अंशांची, कमी टेकू देणारी. वळणावळणाला थ्रॉटल उघड-बंद होत असताना उलटसुलट जोर त्याच पट्टीवर येतो.

धुराचं कारण वेगळं होतं. तो सुरुवातीला आला तो तुंबलेल्या ड्रेनमुळे, नंतर वाढला तो घासलेल्या बेअरिंगमुळे. टर्बो निकृष्ट होता हे खरं, आणि बसवणीत चूक होती हेही तितकंच खरं. ड्रेन तसाच ठेवून महागातला टर्बो बसवला असता तरी धूर निघालाच असता, आणि ठपका टर्बोवर आला असता.

दुसरा निर्णय

नकलेतच नवा, चांगला कोर बसवता येईल का हे आधी पाहिलं. नामांकित दुरुस्ती किट मागवून मापं घेतली तर चाकाचा व्यास आणि बेअरिंगची बैठक दोन्ही जुळेनात. दिसायला सारखा म्हणजे भाग अदलाबदल होणारा, असं नसतं. दुसरी नक्कल घेऊन ती उघडून, धुऊन, बॅलन्स करून वापरायची, हाही पर्याय होता. खर्च २६,१०० आला असता. पण कॉम्प्रेसरची कार्यक्षमता आणि वेस्टगेटचं भोक तेच राहिलं असतं.

अखेर के०३ घेतला. या वेळी बघून घेतला: वेस्टगेटच्या भोकाजवळ या टर्बोला तडे जातात, म्हणून हाउसिंग रॉकेलने धुऊन, खडू लावून तडे तपासले. एक केसाएवढा तडा होता, सीटपर्यंत न पोचलेला, तेवढा चालतो. किट, ३६० अंशांची थ्रस्ट पट्टी आणि कोर बॅलन्सिंग मिळून ९,५००. १२ मिमी जाडीची अ‍ॅडॉप्टर प्लेट मालकाने स्वतःच्या मशीनवर कापली. टर्बोच्या पाण्याची लाइन हीटरच्या सर्किटमधून घेतली. ड्रेनचा निपल १६ मिमीचा करून ऑइलच्या पातळीच्या वर वेल्ड केला.

निकाल

०.४ बार आता २९०० आरपीएमला मिळतो आणि वरपर्यंत तिथेच टिकतो. चाकांवर ९१ अश्वशक्ती. जादा दोन अश्वशक्ती क्षुल्लक वाटतात, पण त्या कुठून आल्या ते महत्त्वाचं आहे. दोन्ही वेळा बाहेरची हवा ३८ अंश होती. तेवढ्याच बूस्टला नकलेतून हवा १०८ अंशांवर निघत होती, के०३ मधून ९० अंशांवर. गणित मांडलं तर नकलेची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या खाली आणि के०३ ची ६६ टक्के. इंटरकूलरनंतरही ६३ आणि ५४ असा फरक उरला. एप्रिल-मेच्या उन्हात, सलग फेऱ्यांमध्ये हे नऊ अंश नॉकिंग आणि बिननॉकिंगमधलं अंतर ठरू शकतात.

पैशांचा हिशोब असा. पहिला टर्बो २१,६००, डायनोचा दुसरा दिवस ९,०००, ऑइल, फिल्टर, प्लग, गॅस्केट आणि इंटरकूलर धुणं ४,२००, के०३ दुरुस्तीसह २७,५००. एकूण ६२,३००. सुरुवातीलाच के०३ घेतला असता तर २७,५०० मध्ये काम झालं असतं, म्हणजे ३३,००० च्या आत.

वेगळं काय करता आलं असतं

खरेदीआधी कॉम्प्रेसर नकाशा मागायचा आणि तो नसेल तर तिथेच थांबायचं. आलेला माल घ्यायचाच असेल तर कोर उघडणं, ऑइलच्या वाटेतली वाळू काढणं, थ्रस्ट पट्टी बदलणं आणि हाय-स्पीड बॅलन्सिंग हा खर्च टर्बोच्याच किमतीत धरायचा. या गाडीला ते साडेचार हजार लावले असते तर नकलेचं बेअरिंग बहुधा टिकलं असतं. गरम हवा आणि वेस्टगेटचं अपुरं भोक मात्र तसंच राहिलं असतं. ते भोकही टर्बो टेबलावर असतानाच मोठं करायला हवं होतं. चार बोल्ट लागले की ते काम पुढे ढकललंच जातं.

आमच्या मते स्वस्त नक्कल घेण्याची मोकळीक तिघांनाच आहे: ज्याच्याकडे मोजमापाची हत्यारं आणि बॅलन्सिंगची सोय आहे, ज्याला मॅनिफोल्ड आणि पाइपांची मांडणी करायला नुसता डमी हवा आहे, किंवा ज्याचं इंजिन गेलं तरी चालणार आहे. व्हीएनटी (टर्बाइनभोवती हलती पाती असलेला टर्बो) आणि बॉल बेअरिंगच्या नकलांना यात जागा नाही, त्यांचे आतले भाग गॅरेजमध्ये सुधारता येत नाहीत. आणि नामांकित कंपनीची खोटी पट्टी लावलेला माल कोणत्याही भावात नको, कारण पट्टीवर खोटं लिहिणारा धातूबद्दल खरं सांगेल असं मानायला काहीच आधार नाही.

के०३ वर आता दर दोन इव्हेंटनंतर तीन गोष्टी पाहिल्या जातात. कॉम्प्रेसरचा रबरी पाइप काढून शाफ्टचा प्ले (तीन इव्हेंटनंतर ०.०५ मिमी), इंटरकूलरच्या तळाचा प्लग उघडून साचलेलं ऑइल, आणि कापलेल्या ऑइल फिल्टरच्या कागदावर पितळी चकाकी. प्ले ०.०८ च्या वर गेला की टर्बो उतरवायचा, इव्हेंट कितीही जवळ असो.